पहिले तीन सेकंद

समुद्रपूरच्या क्लासात सरांनी फळ्यावर लिहिलं:
पहिले तीन सेकंद.
तेवढ्यात अंगठा थांबला तर थांबला,
नाहीतर सरकला वर. संपलं.

घरी येऊन कौतिकामामीला सांगितलं.
तिच्या हाताला मुगाचं वाटण, मनगटापर्यंत.
"तीन सेकंदात एक वडी बी तुटत नाही वं,
वाळनं त दूरच."

तरी शिकले.
उजेड डावीकडून. आवाज वाऱ्याच्या आड.
शब्द असे, की कुणी सुरतेत बसून शोधावेत
आणि बाजेवरच्या आमच्या वड्या सापडाव्यात.
टाकीच्या जिन्यावर सातव्या पायरीला नेट येतं.
तिथे एक गोल फिरत राहतो
नव्व्याण्णव टक्क्यांवर.

रोज काहीतरी टाका, ॲप सांगतं.
चार दिवस आभाळ.
पाचव्या दिवशी रिकाम्या बाजेचाच फोटो टाकला:
आज ऊन नाही. वड्या नाहीत.

सर म्हणाले, असं कुणी टाकतं का?
अकरा जणांनी पाहिलं.
त्यातल्या एका बाईनं विचारलं,
मग ऊन कधी?

मामीनं मान वर केली,
फोनकडे नाही.
"लिव्ह तिले," म्हणाली,
"आमीबी तेच इचारून रायलो."