फ्लेक्सवरची चौथी ओळ

जून लागला की माझं मशीन झोपत नाही.
ट्यूशन एरियातले सगळे सर एकाच रात्री येतात
पेनड्राइव्हमध्ये पोरांचे चेहरे घेऊन.
मी चेहरे उजळवतो, पुटकुळ्या पुसतो,
कॉलर सरळ करतो
आणि खाली चार ओळी टाकतो:
नाव. गुण. कॉलेज. शाखा.
चौथी लाल. पळत्या ऑटोतूनही वाचता यावी म्हणून.

सतरा वर्षांत
चौथी ओळ कुणी रिकामी आणली नाही.
लातुरात पोरगं दहावीला बसायच्या आधी
त्याची चौथी ओळ ठरलेली असते.

यंदा घरातच काम निघालं.
नीलांबिका चन्नबसप्पा बिराजदार.
फोटो आहे. गुण आहेत.
कॉलेजं दोन आहेत, हीच पंचाईत,
आणि दोन्ही अशी, की शंभरातले नव्व्याण्णव
गेट बघून परत येतात.

एक बंगळुरूचं. नुसतं नाव घेतलं तरी
मेसवाल्या गुंडरे मावशी वाढता वाढता थांबतात.
त्यांना आत्ताच सांगायचं, विषय कोणता.
दुसरं दिल्लीच्या पलीकडं, शेतात उभं,
भावकीत कुणाला उच्चारता येत नाही.
ते म्हणतात, आधी ये. दोन वर्षं हिंड. मग सांग.
शिष्यवृत्ती दोघांची सारखी.
पैशानं तरी निकाल लावून द्यावा, तेही नाही.

"पप्पा, तुम्ही काय म्हणायलाव?"

मी काय म्हणणार.
मला काळ्या रंगातले चार काळे ओळखू येतात,
त्याच्या पुढं माझी शाळा नाही.

तिची एक वही आहे, सातवीपासूनची.
नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, किती मिनिटं,
टँकर कुठल्या बोळात आधी वळला,
कुठल्या बोळात वळलाच नाही,
कोण भांडलं, कोण घागरीला टेकून झोपलं.
पुढं पुढं आलेख, स्केचपेननं.
हीच वही तिनं दोन्हीकडं पाठवली होती.
गणिताचे सर म्हणाले, हे गणितच.
भूगोलाच्या बाई म्हणाल्या, छे, आमचं.
माझा मेहुणा नगरसेवकाच्या मागं फिरतो,
तो म्हणाला, हे कुणाला दाखवू नको.
मला तर ती गोष्ट वाटते.
लाईट गेली की मोबाईलच्या उजेडात वाचतो कधी.

शेवटची तारीख शनिवार.
सोमवारी तिनं दोघांनाही एकच ओळ लिहिली:
तुमच्याकडं पाणी कुठून येतं?

बंगळुरूचं उत्तर तासाभरात. अठरा पानं.
बोअर किती, टाक्या किती, वापरलेलं परत किती.
ती हरखली. आकड्यांवरून बोट फिरवत बसली,
जेवण निवलं.
दुसऱ्यांचं आलं थेट शुक्रवारी:
विचारून पाहिलं, इथं कुणालाच नक्की माहीत नाही.
मोटर चालू करायचे ते काका निवृत्त झालेत,
त्यांचा नंबर शोधतोय.
ती इतकी हसली की समोरच्यांनी खिडकी उघडली.

हसली म्हणजे ठरलं, असं मी धरून चाललो.
रात्री बघतो तर उशाला अठरा पानं.

शनिवारी मशीन बंद ठेवलं. जूनमध्ये, पहिल्यांदा.
दुकानाचा कॉम्प्युटर तिला दिला
आणि मी बाहेर, पायरीवर.
पावणेबाराला आतून आवाज आला,
"तिसरी ओळ टाका."
मी स्पेलिंग दोनदा विचारलं.
"आणि चौथी?"
"मोकळी राहू द्या."

आता चौकात टांगलंय. नावाखाली
वीतभर पांढरं.
काल एका सरांनी स्कूटर थांबवली,
"बिराजदार, शाई संपली का?"
मी नाही म्हणालो. ते थोडा वेळ बघत राहिले,
मागून हॉर्न वाजले तेव्हा गेले.

सामान बांधणं चाललंय.
त्या अठरा पानांना तिनं स्पायरल मारून घेतलं,
माझ्याच दुकानात.
पैसे द्यायला लागली. मी घेतले.