चौदा की चाळीस

तिकडचा माणूस मला आवाज पाठवायचा, फोनवर.
नाव जोआकिम. शेठ त्याला जोशी म्हणायचे,
तोही ओ द्यायचा.

जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळमिल,
तुरीच्या धुळीने पिवळा पडलेला एक पंखा,
त्याच्याखाली बसून मी त्याचे आकडे उतरून घ्यायचो:
पोती किती भरली, कंटेनर किती सुटले,
डागी किती, ओलावा किती.
पोत्यांवर देशाचं नाव असायचं, अर्धंच उमटलेलं.
उरलेलं अर्धं मी कधी शोधलं नाही.

त्या मंगळवारी त्याच्या बोलण्यामागे काहीतरी वाजत होतं.
आधी वाटलं, पत्र्यावर कुणी हरभरा ओततंय.
शेठ म्हणाले, निवडणूक झाली ना त्यांच्याकडे,
निकालाचे फटाके असतील.

धाप लागली होती त्याला. रस्ता बंद, गोदाम बंद,
मध्येच एक बाई ओरडली,
मध्येच तो त्यांच्या भाषेत कुणाला तरी
खाली वाक म्हणाला असावा,
आणि शेवटी एक आकडा.
फोर्टीन की फॉर्टी?
शेठ दारातून : चौदा की चाळीस, नीट ऐक,
मला मार्केटला बोलायचंय.

मी पुन्हा लावला. कानात दाबून धरला.
तिसऱ्यांदा तर पट्टाच बंद करायला लावला.
सुपडू हमालाने बटण दाबलं
आणि मिल अशी गप्प झाली
की पाखडणाऱ्या बायांचे हातही थांबले.
त्या शांततेत गोळ्या स्वच्छ ऐकू आल्या,
एकेक, मोजता येईल अशी.
मी मोजल्या नाहीत.
दोन गोळ्यांमधल्या फटीत
मी एक 'टीन' शोधत होतो.

चौदा, मी म्हणालो.
चार वाजता तूर दोनशेने चढली.

सुपडू पारोळ्याकडचा.
आधीची तीन भावंडं गेली म्हणून
याला जन्मतःच सुपात घातलेलं, त्यावरून नाव.
म्हणाला, ‘मारी टाकं का रे त्याले?’
मी म्हटलं, माल अडकलाय.
‘मी मालनं नही इचारं.’

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, म्हणे.
सुपडू हसला नव्हता.

मी लहान होतो तेव्हा आमच्या गल्लीत चार दिवस कर्फ्यू होता.
दगड थेट घरात यायचे,
आईने आम्हाला पलंगाखाली सरकवलेलं.
पाचव्या दिवशी पुण्याहून आतेभावाचा फोन.
आईने डोळे पुसून उचलला.
तो म्हणाला, केळीचे वेफर्स पाठवणार होतात ना,
एस्टी सुरू झाली का?
झाली रे, आई म्हणाली. आणि खरंच पाठवले.

जोआकिमला मी विचारलं, लोडिंग कधी?
एक टिक.
दुसऱ्या दिवशी, लोडिंग?
एक टिक.
दहाव्या दिवशी वेगळ्याच नंबरवरून दुसरा कुणी बोलला,
आवाज कोवळा, गिऱ्हाइकाला देतात तसा मान देत.
शेठ म्हणाले, जोशीच म्हणू याला पण.

कंटेनर आले पुढच्या महिन्यात.
नऊ.
चौदा नाहीत, चाळीस तर नाहीतच.
शेठ म्हणाले, पहिला जोशी थापाड्या निघाला.
मी वहीत चौदावर रेघ मारली, बाजूला नऊ लिहिले,
आणि पेन तिथेच थांबलं :
तो आकडा मालाचा नव्हता.

रेघेखालून चौदा अजून वाचता येतात.
चाळीस असतील तर ते कुठेच लिहिलेले नाहीत.

नव्या जोशीला एकदा विचारायला घेतलं.
जोआकिम, एवढंच टाइप केलं.
पुसलं.
ओलावा किती, ते विचारलं.
त्याने लगेच सांगितलं :
अकरा टक्के.