तेरावा महिना पाच दिवसांचा

टीर महिन्यात आलास तू. की आलीस?
मला कुठं कळलं. मी माती तुडवत होते,
देमेके भट्टीसाठी शेण वाळत घालत होता.
ढोल वाजला नाही. एक कोंबडी खोकली, बस्स.

येकातीत सरला, अंगावर आलं नाही.
म्हटलं, उपासाचे दिवस, रक्तही उपाशी असेल.
मग एका सकाळी शेजारीण कॉफीच्या बिया भाजू लागली.
ज्या वासासाठी जन्मभर हातातली कामं टाकून धावले
त्याच वासानं मला कुंपणापाशी ओणवं केलं.
पोटाला म्हटलं: बरं. म्हणजे तू आहेस.

सांगितलं कुणालाच नाही.
पहिल्या वेळी गावभर सांगितलं होतं.
दोन दिवस, दोन रात्री कळा, आणि मग
घरात अशी शांतता, की चूलसुद्धा तडतडेना.
म्हणून तुला जिभेखाली ठेवलं, मिठाच्या खड्यासारखं,
विरघळू नये म्हणून बोलणंच कमी केलं.

मेगाबितमध्ये घेवड्याच्या दाण्याएवढं, मियाझियात लिंबाएवढं:
हा हिशेब येत्नायेतचा. दवाखान्याची बाई, निळी छत्री घेऊन डोंगर चढते.
तिच्याकडे प्रत्येक आठवड्याला एक फळ. पुढं म्हणे आंबा, मग पपई.
मी म्हटलं, बाई गं, इथं बार्ली पिकते आणि बटाटे.
ती हसली. बरं, बटाटा.

गिनबोतमध्ये बटाटा हलला.
इंजेराचा तवा थापत होते, हात ओला,
आणि आतून कुणी बोटानं एक टिंब दिलं.
मी दचकले, अंगठा तव्यात रुतला.
तो तवा बाजारात नेला नाही.
डोहाळे लागले तेही खापरीचे!
भट्टीतून काढलेली, नुकती निवलेली, चाटायची चोरून.

हामलेत पाऊस, भट्टी बंद, पाय सुजून ओंडके.
येत्नायेतनं लाकडी नळकांडं पोटावर टेकवलं,
कान लावला, डोळे मिटले.
मी अशीच ऐकते भांडं, टिचकी मारून:
खणखणीत, की बद्द.
विचारायचा धीर होईना.
"पळतंय," ती म्हणाली, "खेचराच्या पिल्लासारखं."
खेचराला पिल्लू होत नाही, हे तिला सांगितलं नाही.

मग तेरावा महिना. दुष्काळातला नव्हे, आमच्या पंचांगातला,
पाच दिवसांचा, वर्षाच्या शेपटाला बांधलेला.
महिने मोजणाऱ्या बाईनं याचं काय करावं?
मी धरला नाही, सोडला नाही.
या दिवसांतलं पाणी पवित्र म्हणतात. अंगणात उभी राहिले,
पोटावरून वाहू दिलं.
तू लाथ मारलीस. गार होतं, माहीत आहे मला.

मेस्केरेममध्ये डोंगर पिवळा झाला, मी चार तास उतरून
दवाखान्यामागच्या पत्र्याच्या घरात आले.
सहा बाया, एक चूल, सगळ्यांची वाट एकच.
गावात माझ्या ताटाला कुणी हात लावत नाही,
कुंभारणीची नजर लागते म्हणतात.
इथं अस्कालूनं माझ्याच ताटातला घास उचलला.
पोटाला पोट भिडलेलं;
अंतर ठेवायचं, तर ठेवायचं कुठं?

तिकिम्तच्या अकराव्या रात्री कमरेत कुणी दोर पिळला.
सोडला. पुन्हा पिळला.
येत्नायेत म्हणत होती, अजून नको, अजून नको,
आणि मी तिच्या आईला, छत्रीला, सगळ्या फळांना शिव्या देत होते.
मग म्हणाली, आता.

डोकं. मग अडलेला एक खांदा.
मग अख्खी तू, ओल्या मातीसारखी निसटत.
मागून वार आली, जड,
जिला या म्हणायला कुणी दारात थांबत नाही अशी पाहुणी.

आणि आवाज नाही.
तीच शांतता, तीच, घर ओळखून मागं आलेली.
येत्नायेतनं तुला पालथं घेतलं,
तळव्यावर टिचकी मारली.

खणखणीत.

देमेकेला निरोप धाडा कुणीतरी.
म्हणावं, मुलगी. आणि म्हणावं,
भट्टी पेटवू नकोस, कच्ची भांडी फोडशील.
मी आल्यावर बघते.