हलू नकोस

रात्री सव्वातीन. समुद्राच्या तळाखाली बोगदा,
बोगद्यात पंखे, आणि पंख्यांना कधी फिरायचं ते सांगणारं
एक यंत्र या खोलीत, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.
दोन हजार तीनशे अकरा दिवस त्याचा डोळा मिटलेला नाही.

शेवटचं सुरू केलं ते ट्रोंदुरने.
बटणाशेजारी त्याच्या हातची चिठ्ठी:
याला हात लावण्याआधी मला फोन.
तो नंबर आता त्याच्या सुनेकडे असतो.

कर्नलला भोक पडलंय, मंगळवारपासून जगाला माहीत.
बंद करून नवं घालावं तर चार मिनिटं पंखे आंधळे,
आणि पलीकडच्या बेटावरून सॅमनचे ट्रक
पहाटेच्या बोटीसाठी कधीचेच निघालेत.
म्हणून चालत्यालाच ठिगळ.

आई माझा स्वेटर माझ्या अंगावरच रफू करायची.
दुसरा नव्हता, आणि बाहेर फेरोचा वारा.
"हलू नकोस," म्हणायची, सुई कोपराशी.
मी श्वाससुद्धा हिशेबाने घ्यायचे.

कळ दाबली.

जुनं काही पुसलं जात नाही.
मेमरीत ते जिथल्या तिथे राहतं,
फक्त त्याच्या तोंडाशी एक पाटी लागते: इकडून नको, तिकडून.
जो आत आहे त्याने आधी बाहेर यायचं,
मग पुढच्या खेपेला नवी वाट.
ओढून काढता येत नाही कुणाला. एकेक जण येतो.
चारशे बारा. चारशे तेरा.
मग एक उरला.

रेडिओवर हॅन्नस: "मार्युन, झालं का? मी उतारावर आहे."
"ये. पंखे चालू आहेत."

उरलेला कोण, ते पाहिलं.
बारा ओळींचा प्रोग्रॅम, मालक: ट्रोंदुर.
उत्तरेच्या धक्क्यावरच्या भरतीमापकाला त्याने विचारलं होतं,
पाणी किती?
ते मापक चार हिवाळ्यांपूर्वी वादळात गेलं,
धक्क्याच्या तुकड्यासकट.
याला कुणी कळवलंच नाही.
तेव्हापासून हा एका प्रश्नावर कान लावून बसलाय,
जुन्या वाटेच्या मधोमध.

मारता आला असता. बोटं तिथवर गेलीही होती.

खांद्याला हात लावावा तसा
नुसता एक इशारा पाठवला.
तो वर आला,
इकडेतिकडे पाहिलं असेल असं म्हणत नाही, पाहत नाहीत ते,
आणि तोच प्रश्न घेऊन पुन्हा खाली गेला,
या वेळी नव्या वाटेने.

पूर्ण, असं पडद्यावर.
क्रमांक विचारला तर कर्नल अजून जुनाच सांगतो.
दिवस मात्र दोन हजार तीनशे बारा.
मधल्या कुठल्यातरी मिनिटाला आकडा उलटला,
म्हणजे त्यानेही हे
अशाच अपरात्री सुरू केलं होतं, एकट्याने.

चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता.
अंगठ्याने दाबून बसवला.