मार्का

गंजगोलाईपासून दुसऱ्या बोळात, चाळण्या-पट्ट्यांच्या दुकानावर
आमची खोली. रात्रपाळी घरूनच.
अकराला लॅपटॉप उघडते
तेव्हा समोर दोनशे सतरा दारं असतात,
एकालाही चौकट नाही, कडी नाही.

गेटवे म्हणतात त्यांना.
कुणाचं काय काय त्यातून बाहेर जातं, परत येतं,
कुठल्या देशातल्या कुठल्या गार खोलीतून,
मी कधी पाहिलेलं नाही.
मला नुसती नावं दिसतात. नावं तरी कसली,
नॅट-शून्य-आठ, पुढं आकडे-अक्षरांची गिचमिड.

बिराजदार सर सोमवारी म्हणाले,
महिन्याभरात सगळ्यांना टॅग लागले पाहिजेत.
मालक कोण. काम काय. खर्च कुणाच्या खात्यावर.
चालू आहे की चाचणीपुरतं.
"चारच तर रकाने," म्हणाले
आणि मीटिंगमधून गेले.

मला मैनोद्दीन मामू आठवले.
मोंढ्यात, अण्णा दिवाणजी होते त्या आडतीसमोर,
पत्र्याचे साचे सुतळीत ओवून गळ्यात,
काजळी कालवलेला डालड्याचा डबा,
ब्रश कसला, काडीला गुंडाळलेली चिंधी.
पोत्यावर साचा, एक हात फिरवला, उचलला:
त्रिशूळ, खाली ब.
दोन आडव्या रेघा, खाली बेचाळीस.
अक्षरओळख नसलेला हमाल थप्पीतून
बरोब्बर त्याच व्यापाऱ्याचं पोतं ओढायचा.

मी तेव्हा चौथीत, तोंडाळ.
मामू, मार्का नाही मारला तर तुरीचा हरभरा होतो का?
ते हसले. "तूर तूरच ऱ्हाती, बेटा.
पण राती आभाळ फुटलं तर
कुणाला उठवायचं, ते कळत नाही."

आता पोती छापूनच येतात.
मामू औशाला लेकाकडं असतात, डोळ्यांनी अधू.

तीन आठवडे मी दारं वाचतेय.
एकाच कामाला कुणी प्रॉड लिहिलंय, कुणी प्रॉडक्शन,
कुणी मोठ्या लिपीत, कुणी बारीक,
आणि मशीनला ती चार वेगळी घराणी वाटतात,
चौघांची बिलं चार ठिकाणी.
एकानं मालकाच्या रकान्यात लिहिलंय: मी.
एकानं: नंतर बघू.
नंतर बघू-ला तीन वर्षं झाली,
भाडं तासाला चालूच.

दोनशे सोळा झाली.
एक राहिलंय.
टॅग नाही, मालक नाही,
ज्यानं उघडलं त्याचं खातं केव्हाच बंद.
पाच टीमना मेल केले. दोघांनी अंगठा दाखवला,
तो हो म्हणून की आमचं नाही म्हणून, कळलं नाही.
सर म्हणतात, पाडून टाक.
पण रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
त्यातून काहीतरी जातं.
चिमूटभर. एखाद्या चिठ्ठीएवढं.
आणि दोन अकराला तेवढंच काहीतरी परत येतं.

म्हणजे पलीकडं कुणीतरी आहे.

आई पाणी प्यायला उठली.
"अजून काय करलालीस गं?"
दाराला नाव लावायलेय.
"कुणाच्या?"
तेच कळंना.
"मग आपलं लाव," म्हणाली, झोपेतच,
आणि तांब्या पालथा घालून गेली.

घड्याळात दोन पाच.
गोलाईत सोळा रस्त्यांवर सोळा कुत्री असावीत,
एकच भुंकतंय.
काम: माहीत नाही, टाईप केलं.
खर्च: आमच्याच खात्यावर, सर ओरडतील.
पाडण्याआधी: विचारा.
मालक या रकान्यात रेघ लुकलुकतेय,
मामूंची चिंधी पोत्यावर टेकायच्या आधी
क्षणभर थांबायची तशी.

सुवर्णा धोंडिबा कांबळे,
लिहिलं. पुढं मोबाईल नंबर.

दोन दहा.
गेलं.