घट

हुपरीत घट पोराटोरांना कळते.
शेठ चांदी वजन करून देतो,
पैंजण वजन करून घेतो,
मधे जे कमी भरतं ती घट.
किलोला ठरलेले ग्रॅम माफ,
त्यावर गेली तर मजुरीतून.

म्हणून डॉक्टर म्हणाले,
मांडीतली चरबी काढून छातीत भरू,
पण सगळी टिकायची नाही, तीस-चाळीस टक्के जाईल,
तेव्हा मी एवढंच विचारलं,
घट कुणाच्या नावावर?
ते हसले. मी हसलो नाही.

होय, हसलो. आम्ही इकडच्या बायका
आलो, गेलो, जेवलो असंच बोलतो.
नर्स पुण्याची. म्हणाली, मावशी, आले म्हणा, आले.
म्हटलं, बाई, सहा वर्षं
एक बाजू सपाट घेऊन हिंडलो,
तेव्हा दुरुस्त करायला कोण आलं नाही.

त्या वेळी गाठीसकट सगळंच काढलं.
भूपाल कॅन्टीनला गेला होता.
झाकलेला ट्रे कुठल्या दारानं गेला त्यालाही माहीत नाही.
काट्यावर जन्म काढलेली मी,
आणि माझं एवढं देणं
बिनवजनी गेलं.

मग मोहरीची पिशवी शिवली.
आईच्या लुगड्याचा पदर, दुहेरी टीप.
पोळक्यात नीट बसायची,
वाकलं की सरकायची.
एका श्रावणात घामानं तिला मोड आले.
न्हाणीत कडी लावून
एकटीच हसत बसलो,
मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही.

जाऊ म्हणाली, या वयात दाखवायचंय कुणाला?
मी फुंकणी खाली ठेवली. डाग निवू दिला.
म्हटलं, घुंगराच्या पोटातला दाणा
दिसतो का कुणाला?
ती चहा ठेवायला उठली.

मार्गशीर्षात भिशी लागली.
राजारामपुरीत दवाखाना, गल्ली सांगत नाही.
उभं करून जांभळ्या पेनानं मांडीवर गोल काढले,
नवीन नमुना आखताना आम्ही पत्र्यावर काढतो तसे.
पहिल्यांदाच कुणी माझ्या मांडीकडं
माल म्हणून बघितलं,
आणि मला राग आला नाही.

नंतर विचारून घेतलं सगळं.
नळीत तीन थर बसतात:
वर तेल, खाली रक्त,
मधलं पिवळं तेवढं कामाचं.
ते थेंब थेंब भरायचं, दर थेंबाला वेगळी वाट,
एका जागी ढीग केला तर रक्त पोचत नाही, मरतं.
म्हटलं, डाग पण असाच लावतात.
डॉक्टरांनी माझे हात बघितले,
बोटांवरचे जुने चटके.
जरा वेळ दोन कारागीर बोलत बसलो.

एकशे ऐंशी मिली.
मांडी दीड महिना वांग्याच्या रंगाची.
हुपरीच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा
दोन ठिकाणी लागायचा,
जिथनं घेतलं तिथं,
आणि जिथं दिलं तिथं.

तीन महिन्यांनी बोटांनाच कळलं, कमी भरतंय.
विचारलं, कुठं गेली?
अंगातच, म्हणाले. अंगानं घेतली.
आमच्याकडं घट धुरातनं जाते,
कौलाला चिकटते, केरात पडते,
आणि झारेकरी तो केरसुद्धा विकत नेतो.
ही उंबऱ्याबाहेर गेलीच नाही.
मला हे बरं वाटलं का, अजून ठरवलं नाही.
एक बाजू अजून लहान आहे. पोळकं ओढून बसतं.

काल काम उरकल्यावर
मोहरीची पिशवी काट्यावर ठेवली.
दोनशे चौऱ्याऐंशी.
घुंगरांच्या वहीत, शेठच्या हिशेबाखाली लिहिलं.
नाव काय टाकायचं कळेना,
तारीख टाकली.