एक चौरस मीटर

प्रत्येकाला सुतळी दिली, चार खिळे दिले,
आणि शारंगपाणी बाई म्हणाल्या,
"एक मीटर बाय एक मीटर. एक तास.
बोलायचं नाही. मोबाईल त्या टोपलीत."

मेचा तिसरा आठवडा. चोरलच्या उतारावर
सागाला पान नाही,
होतं ते सगळं खाली. पाऊल टाकलं
की पापडाचा डबा सांडल्याचा आवाज.
आम्ही एकवीस जण, इंदूर, देवास, महूचे,
विज्ञानाचे मास्तर आणि मास्तरणी,
टोप्या नव्या, वह्या नव्या,
पाठी मात्र त्याच, खुर्चीच्या सवयीच्या.

इश्तियाक सरांच्या वाट्याला खडक आला.
मुळ्ये बाईंना नीलगाईच्या लेंड्या,
त्या खूश, कारण लेंड्यांत किडे.
मला आली माती.
नुसती माती, टेंभुर्णीच्या बुंध्याशी,
जिरावणासारखी बारीक,
आणि तिच्यात सात खळगे,
कुणी पेनाचं टोपण दाबून दाबून ठेवल्यासारखे.

मी लिहिलं : तापमान एकोणचाळीस.
लिहिलं : खळगे, सात.
मग लिहायला काही उरलं नाही.
मांडी अवघडली. घरी गॅस बंद केला होता का,
तपासायचे पेपर कपाटात की पलंगाखाली,
सगळं आठवून झालं
तरी घड्याळात बाविसावंच मिनिट.

तेव्हा एक मुंगी आली.
काठाशी थबकली. एक पाय आत गेला,
आणि जमीन निघून गेली तिच्याखालून.
ती चढे, माती घसरे.
ती चढे, आणि तळातून कुणीतरी
चिमूट चिमूट माती फेकून मारी तिला.

एकोणीस वर्षं मी शिकवते आहे :
उतरणीवरचा ठोकळा.
त्रिकोण काढायचा, ठोकळा काढायचा,
त्याला तीन बाण.
बाई, हा कोन कितीचा?
समजा, तीस अंश.
घर्षण किती? समजा, इतकं.
एकोणीस वर्षांचं समजा, समजा,
आणि इथे हा, चण्याच्या डाळीएवढा,
काहीच न समजता
माती जेवढा तोल धरेल तेवढीच उभी ठेवतो चढण,
कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही,
भुकेचा कोनमापक घेऊन
खाली बसून राहतो.

माझ्या हातात वाळलेली काडी होती.
मुंगीला द्यावी म्हणून वाकले,
माझ्याच काडीने काठ सुटला.

संध्याकाळी सगळे गोल बसलो.
मुळ्ये बाई अर्धा तास बोलल्या.
माझी पाळी आली, मी म्हटलं,
"खळगे. सात."
शारंगपाणी बाईंनी पुस्तकातलं नाव सांगितलं, मुंगीसिंह,
सगळ्यांनी उतरवून घेतलं.
वनरक्षक रेमसिंग डावर मागे उभा होता.
तुम्ही काय म्हणता याला, विचारलं तर हसला,
म्हणाला, "उलटा चलता है, मॅडम.
आगे जाना उसको आता ही नहीं."
मग विडी विझवून, थोटूक
खिशात जपून ठेवून
कंदील आणायला गेला.

जूनमध्ये शाळा उघडली.
तिसरा तास, आठवी ब, घर्षण.
खडू हातात घेतला, परत ठेवला.
सायकल स्टँडच्या पत्र्याखाली,
जिथे रोज माझी स्कूटी लावते,
चाकापासून वीतभर अंतरावर,
अकरा.

अडतीस पोरं उकिडवी बसली.
कुणाची चड्डी उसवली, हशा झाला, थांबला.
पलक म्हणाली, "बाई, कोन कितीचा?"
मी म्हटलं, माहीत नाही. मोज.
तिने कंपासपेटीतून कोनमापक काढला,
श्वास धरला, काठाजवळ नेला.
शेजारच्या अथर्वने एक काडी उचलली.

काडी नको लावूस,
मी म्हटलं,
जरा जास्तच मोठ्याने.